पळालेला की फेकला गेलेला?

काही ताऱ्यांचा वेग भोवतालच्या ताऱ्यांहून इतका अधिक असतो की त्यांना ‘पळपुटे तारे’ म्हटले जाते. माझ्या मते हे नाव अन्यायकारक आहे. तारा स्वतःहून पळत नाही. तो फेकला जातो.

कशामुळे, याची उत्तरे अनेक आहेत. जोडताऱ्यांपैकी एकाचा स्फोट झाला की बंधन सुटून दुसरा दूर निघून जातो, असे आद्रियान ब्लाऊ यांनी १९६१ मध्ये मांडले. दाट तारकागुच्छात ताऱ्यांच्या निकट येण्यातूनही एखादा बाहेर भिरकावला जातो. आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवर जोडीतील एकाला धरून ठेवते व दुसऱ्याला फेकून देते, हे भाकीत जॅक हिल्स यांनी १९८८ मध्ये केले. सेकंदाला १,७०० किलोमीटरहून अधिक वेगाने जाणाऱ्या एका ताऱ्याचा मार्ग संशोधकांनी मागे नेऊन पाहिला. तो सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी त्या केंद्रातूनच निघाला होता, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

म्हणजे प्रत्येक ताऱ्याची वाट स्वतंत्रपणे तपासावी लागते. निवासी शाळांनी ही शिस्त विज्ञानाच्या तासापुरती ठेवू नये. वसतिगृहातून एखादे मूल निघून गेले की ‘पळाला’ एवढीच नोंद होते. त्यामागे घरची ओढ होती, अपमान होता की मार, हे कोण विचारतो? मुलाला परत आणता येते. पण कारण तसेच राहिले, तर ते पुन्हा जाईल. म्हणून पालकांनी आणि शिक्षकांनी दोष ठरवण्याआधी त्याची वाट मागे जाऊन पाहावी.