मूर्तिजापूरचे दोन रूळ

शकुंतला रेल्वे अचलपूरहून मूर्तिजापूरला यायची ती ७६२ मिलिमीटरच्या रुळावर, मुंबईची गाडी १,६७६ च्या; डबे कितीही धड असोत, माल उतरवून पुन्हा चढवावाच लागे. अमरावती-अकोल्यातल्या बँका, पतसंस्थांनी ॲप्लिकेशन सर्व्हर निवडताना आधी हेच विचारावं: आपलं सॉफ्टवेअर कोणत्या रुळाचं? २०२० च्या जकार्ता ईई ९ या जावाच्या मानकात पॅकेजांच्या नावांतलं ‘जावाएक्स’ जाऊन ‘जकार्ता’ आलं आणि टॉमकॅट १० या सर्व्हरनं तेच उचललं. त्यामुळे टॉमकॅट ९ वर बिनबोभाट चालणारा प्रोग्राम १० वर टाकला की क्लास सापडत नाही म्हणून अडून बसतो. नवं तेच सुरक्षित, असं कुणी म्हणेल. अर्धं खरं आहे, ८.५ ची देखभाल २०२४ मध्ये थांबली, ती आवृत्ती ठेवूच नये. पण ९ ला दुरुस्त्या मिळतात. नावं बदलून देणारं साधनही आहे, मात्र पासबुक छापणाऱ्या जुन्या लायब्ररीपर्यंत सगळं पुन्हा तपासावं लागतं, आणि ते काम कोटेशनात सहसा नसतं! मग थेट वेबलॉजिकसारखा भारी सर्व्हरच का घेऊ नये? सॉफ्टवेअर ईजेबी हे जावाचे घटक वापरत असेल तर टॉमकॅट पुरणार नाही, खुशाल घ्यावा. नसेल तर तो खर्च वायाच. निविदेत ‘अद्ययावत सर्व्हर’ असं मोघम लिहिण्याऐवजी जावा, सर्व्हर आणि डेटाबेस यांच्या चाचणी झालेल्या आवृत्त्या विक्रेत्याकडून आकड्यांत लिहून घ्याव्यात.