पुतळ्याचा चेहरा

लालबागेतील होळकरांच्या राजवाड्याचे फाटक लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर घडविलेले आहे, हे इंदूरच्या शाळकरी मुलासही ठाऊक असते. सहलीच्या दिवशी त्याच फाटकापाशी आमच्या मंडळींत वाद जुंपला. प्रतिकृती मुळाशी कितपत जुळावी, हा विषय निघाला आणि बोलणे पाहता पाहता मुंबईच्या वानखेडे मैदानावर जाऊन पोहोचले.

तेथे १ नोव्हेंबर २०२३ रोजी सचिन तेंडुलकरांच्या पुतळ्याचे अनावरण त्यांच्याच उपस्थितीत झाले. त्यांच्या पन्नाशीचे ते वर्ष. चेंडू उंच टोलविल्याचा पवित्रा. शिल्पकार अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, प्रमोद कांबळे. परंतु छायाचित्रे प्रसिद्ध होताच, हा चेहरा ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथचा दिसतो, अशी थट्टा देशभर सुरू झाली. आम्हीही हसलो, हे नाकबूल कशाला करावे?

हसू ओसरल्यावर मात्र शिल्पकाराची अडचण ध्यानात आली. आपल्या राजवाड्यासमोर अहिल्याबाईंचा पुतळा आहे. त्या १७९५ साली निवर्तल्या. त्यांस पाहिलेले आज कोणी नाही. शिल्पकाराने दिलेला चेहरा आपण निमूटपणे मानतो व त्यास हार घालतो. सचिन १९८९ पासून २०१३ पर्यंत, चोवीस वर्षे, घरोघरी दिसत होते. त्यांच्या नाकाची रेघ जराशी चुकली तरी आमच्या आजीच्या लक्षात येते! शिवाय सर्व बळ एकवटून फटका मारणाऱ्या माणसाची मुद्रा तसबिरीतल्यासारखी शांत कशी राहील? मदैरा बेटाच्या विमानतळावर २०१७ साली बसविलेल्या रोनाल्डोच्या अर्धपुतळ्याचेही असेच हसे झाले, आणि पुढल्याच वर्षी तो बदलावा लागला.

आमची तक्रार आहे ती रीतीविषयी. पुतळा आधी मातीत घडतो, मग साचा, मग मेण, आणि अखेरीस धातू. मातीतले नाक अंगठ्याने सरकते; ओतीव धातूतले सरकत नाही. आणि लोकांसमोर पुतळा येतो तो धातूचा झाल्यावर, पडदा दूर सारून! मातीचा नमुना आठ दिवस लोकांपुढे ठेवावा, त्या व्यक्तीच्या सहवासातील चार माणसांस दाखवावा, एवढेच आमचे मागणे आहे.

यावर आमच्यातील एकाने आक्षेप घेतला, की कला काय मतदानाने ठरवावयाची? यशवंतराव होळकरांनी ब्रांकुशी या शिल्पकाराचे तीन पक्षी घेतले. त्यांना ना चोच, ना पंख. त्या शिल्पांची थोरवी आम्हांस मान्य आहे. पण ते पक्षी महाराजांनी स्वतःसाठी घेतले होते. चौकातला वा मैदानातला पुतळा ज्यांच्यासाठी उभारावयाचा, त्यांना त्यातला माणूस ओळखू यावयास हवा.

एवढे करूनही लोक गप्प बसतील, अशी आमची समजूत नाही. वाडेकरांच्या संघाने १९७१ साली वेस्ट इंडीज व इंग्लंड येथे मालिका जिंकल्या, तेव्हा आपल्या इंदुरात खेळाडूंची नावे कोरलेला काँक्रीटचा प्रचंड ‘विजय बल्ला’ उभारला गेला. १९७४ साली तोच संघ इंग्लंडात तिन्ही कसोट्या हरला, आणि संतापलेल्या लोकांनी तो बल्ला विद्रूप केला. त्याला तर चुकावयास नाकही नव्हते.