विश्लेषण : ‘फाइव्ह-जी’च्या टॉवरमुळे कर्करोग होतो का? १९०५ चा सिद्धांत काय सांगतो?

कोरोनाच्या साथीत ब्रिटनमध्ये लोकांनी मोबाइल टॉवर जाळले. २०२१ मध्ये ‘दुसरी लाट फाइव्ह-जीमुळे आली’ असे मेसेज भारतात फिरले आणि दूरसंचार विभागाला खुलासा करावा लागला. ऑक्टोबर २०२२ मध्ये ही सेवा देशात सुरू झाली, पण सोसायटीच्या गच्चीवरच्या टॉवरवरून होणारे वाद काही थांबलेले नाहीत.

‘रेडिएशन’ म्हणजे घातकच का?

नाही. सूर्यप्रकाश हेही रेडिएशनच. प्रश्न असतो तो त्याच्या एकेका कणात किती ऊर्जा आहे याचा.

आइन्स्टाइन यांनी काय सांगितलं?

धातूवर प्रकाश पडला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. पण सोडियमवर लाल प्रकाशाचा कितीही मोठा झोत टाकला तरी काही घडत नाही. मंद जांभळा प्रकाश मात्र लगेच इलेक्ट्रॉन काढतो. असं का, ते आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये सांगितलं. प्रकाश कणांच्या, म्हणजे फोटॉनच्या रूपात येतो आणि एक फोटॉन एकाच इलेक्ट्रॉनला ऊर्जा देतो. जांभळ्या फोटॉनकडे सुमारे ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. सोडियममधून सुटायला साधारण २.३ खर्च होतात. उरलेली ०.८ ही बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनची कमाल ऊर्जा. प्रकाश वाढवला तर इलेक्ट्रॉनची संख्या वाढते, प्रत्येकाची ऊर्जा नाही. याच कामासाठी त्यांना १९२१ चं नोबेल मिळालं.

टॉवरशी याचा संबंध काय?

शरीरातल्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन काढायला दहाच्या आसपास इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. एक्स-रेकडे ते हजारोंनी असतात. ३.५ गिगाहर्ट्झच्या फाइव्ह-जी लहरीचा फोटॉन मात्र जांभळ्या फोटॉनपेक्षा दोन लाख पटींनी दुबळा असतो. टॉवर दुप्पट झाले तरी फोटॉन वाढतील, एकेकाची ताकद तेवढीच राहील.

मग धोका शून्य?

तसंही नाही. या लहरी तीव्र असल्या तर ऊती तापतात. मायक्रोवेव्हमध्ये अन्न तापतं तेही असंच. म्हणूनच टॉवरला मर्यादा असतात. भारताने २०१२ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये मर्यादित पुराव्यांच्या आधारे या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात ठेवलं, त्यामुळे अभ्यास सुरूच आहे.

त्यामुळे ‘टॉवर हटवा’ म्हणण्याआधी विचारायचा प्रश्न हा : इथली तीव्रता मर्यादेत आहे का? ती मोजता येते. अफवा मोजता येत नाही.