कवळी बसली पाहिजे

म्हातारपणी दात पडायचेच, असे म्हणून आपण एक गंभीर प्रश्न हसण्यावारी नेतो. आमच्या हळर्णसारख्या गावात बोळके हा थट्टेचा विषय. त्या तोंडाने जेवावे कसे, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. दात गेले की आधी भाकरी सुटते, मग खोबरे, काजू. शेवटी ताटात उरते ती पेज. माणूस खंगतो, आणि आपण दोष वयाला देतो.

यावर उपाय कवळीचा. परंतु कवळी म्हणजे दुकानातून आणून वापरायची वस्तू नव्हे. संपूर्ण कवळी करताना डॉक्टर आधी हिरड्यांचे साधे माप घेतात. त्यावरून खास ट्रे बनवून दुसरे, बारकाईचे माप घेतात. मग मेणाच्या कडा तोंडात ठेवून वरचा आणि खालचा जबडा कसा जुळतो ते ठरवतात. त्यानंतर मेणात दात बसवून पाहतात. या वेळी रुग्णाने बोलूनही पाहायचे असते, कारण दात थोडे पुढेमागे झाले तरी 'त', 'द', 'व' नीट उमटत नाहीत. सारे जमल्यावरच अॅक्रिलिकची कवळी तयार होते. एकूण फेऱ्या साधारण पाच.

आणि खरी परीक्षा त्यानंतरच! नवी कवळी कुठेतरी टोचतेच. तेवढा भाग घासून द्यावा लागतो. वरची कवळी टाळूला धरून राहते. खालचीला आधार थोडा आणि जिभेचे धक्के मात्र सतत. शिवाय दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजतच राहते. टॉलग्रेन या संशोधिकेने 1972 साली पंचवीस वर्षांच्या निरीक्षणांवरून दाखवले, की खालचे हाड वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजते. म्हणजे आज घट्ट बसलेली कवळी काही वर्षांनी सैल होणारच. वापरायची रीतही शिकवावी लागते: रात्री काढून पाण्यात ठेवणे, रोज घासणे, सुरुवातीला मऊ अन्न दोन्ही बाजूंनी चावणे. वरच्या कवळीने टाळू झाकली जाते, त्यामुळे बांगड्याचा काटा चटकन कळत नाही. ही सूचना तर गोमंतकीयाला आवर्जून दिली पाहिजे.

बांबोळीला 1980 पासून सरकारी दंत महाविद्यालय आहे. शेजारच्या कर्नाटकाने 2014-15 मध्ये 'दंतभाग्य' योजना काढून गरीब वृद्धांना मोफत कवळ्या देऊ केल्या. आपल्या अंकाच्या कन्नड विभागाचे वाचक ती जाणत असतील. या गोष्टी स्वागतार्हच आहेत. पण हळर्णहून बस बदलत बांबोळी गाठायची, तर म्हाताऱ्या माणसाचा अख्खा दिवस जातो, आणि सोबत येणाऱ्याचा रोजही बुडतो. आमच्या वाड्यावरच्या एका आजींनी शहरात पाच फेऱ्या केल्या. सहावी, टोचणारा भाग घासून घेण्यासाठीची, झालीच नाही. त्यांची कवळी आज फडताळात आहे आणि आजी पेजेवर.

म्हणून माझे मत असे, की कवळी हाती दिली म्हणजे काम संपले, ही समजूत सोडली पाहिजे. मापे हवी तर मोठ्या रुग्णालयात घ्यावीत. परंतु पुढची तपासणी पेडणे तालुक्यातल्याच एखाद्या आरोग्य केंद्रात, महिन्याच्या ठरलेल्या दिवशी व्हावी. टोचणारा भाग घासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. हातात मावणारे यंत्र आणि जाणता हात पुरतो. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही यातून खूप शिकता येईल. आणि आपण तरुणांनी निदान शेजारच्या आजी-आजोबांसोबत त्या दिवशी जावे.

किती कवळ्या वाटल्या, हा आकडा अहवालात शोभून दिसतो. मला विचाराल तर मोजायचे ते निराळेच: सहा महिन्यांनंतर त्यांपैकी किती तोंडात आहेत आणि किती फडताळात!