पत्ते ज्याचे, नियम त्याचे?

मी कॉन्व्हेंटवाला. माझं मराठी बेताचंच. तरीही हा लेख मराठीतच लिहायचा होता. का, ते पुढे कळेलच.

आमच्या होस्टेलवर रात्री जेवणं झाली की कॉटवर सोलापुरी चादर अंथरून 'मॅजिक : द गॅदरिंग'चा डाव बसतो. रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने बनवलेला हा पत्त्यांचा खेळ १९९३ साली आला. त्यातले काही पत्ते 'टोकन' तयार करतात. टोकन म्हणजे आपल्या ६० पत्त्यांच्या गड्डीत नसलेला, पण डावात उतरलेला जीव. तो हल्ला करतो, आडवा येतो, मरतोही. त्याच्या जागी काहीही ठेवलं तरी चालतं. आम्ही चिंचोके ठेवतो.

मागच्या सेमिस्टरला रूममेट माझ्याशी खेळत होता. दोन्ही गड्ड्या अर्थात माझ्याच! माझे ३ प्राण उरलेले. त्याच्याकडे 'ब्लड आर्टिस्ट' हा पत्ता होता : कुठलाही जीव मेला की समोरच्याचा १ प्राण कमी. त्याने तीन चिंचोके मुद्दाम मरायलाच पाठवले. मी तिन्ही अडवले, मारले. तो ओरडला, "संपलास!"

मी म्हणालो, "छे! टोकन म्हणजे पत्ता नाही. ते मरत नाही, नुसतं नाहीसं होतं."

तो क्षणभर थांबला. "तुझं इंग्लिश चांगलं आहे बाबा. तू म्हणतोस तर असेल." पुढे डाव मीच जिंकला.

दोन दिवसांनी त्याने नियमावलीतला १११ वा नियम डिक्शनरी घेऊन वाचला आणि माझ्यासमोर ठेवला. टोकन मेलं की आधी रीतसर स्मशानात जातं, त्याचं मरण मोजलं जातं, आणि मगच ते नाहीसं होतं. हातात परत घेतलं तरी तसंच नाहीसं होतं, पुन्हा खेळता येत नाही. मी सांगितलं ते 'यु-गि-ओ'चं होतं. त्या खेळात टोकन स्मशानात जातच नाही. लहानपणी खेळलेलं आठवलं आणि दिलं ठोकून! मॅजिकचा नियम मी वाचलेलाच नव्हता.

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये बॅट ज्याची त्याची पहिली बॅटिंग, हे आपण सगळ्यांनी सोसलंय. इथे तर पत्तेही माझे आणि इंग्रजीही माझं! तो नियमात हरला नाही, माझ्या उच्चारांपुढे हरला. आणि हे फक्त पत्त्यांतच होतं असं नाही. व्हायवाला, सेमिनारला, ग्रुप प्रोजेक्टलाही आपण असंच फाडफाड बोलणाऱ्याचं खरं मानतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : डाव मांडण्याआधी नियम सगळ्यांना कळेल अशा भाषेत सांगा, आणि शंका आली तर बोलणाऱ्याकडे नाही, नियमाकडे बघा.

टोकनचे नियम आता आमच्या रूमच्या दारामागे मराठीत लिहून लावलेत. अक्षर रूममेटचं आहे. शुद्धलेखनही त्यानेच तपासलंय... या लेखाचंसुद्धा!