काढून टाकण्याआधी ऐकून घ्या



भिलाई-३ हे मार्शलिंग यार्डाचे गाव. पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे सारे सभासद एका वेळी भेटणे कठीण. म्हणून शाखेचा कारभार हल्ली बराचसा व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतो. तेथे आमच्या हातून झालेली चूक आम्ही कबूल करीत आहोत.

एका लोको पायलट सभासदाने शाखेच्या निधीचा हिशेब कडक शब्दांत विचारला. आम्ही तासाभरात माफी मागण्यास फर्मावले. उत्तर आले नाही, म्हणून त्यास ग्रुपमधून काढले. तो तेव्हा मालगाडीवर होता, नियमाप्रमाणे मोबाईल बंद. नंतर रनिंग रूममध्ये झोपला. उठून पाहतो तर ग्रुपबाहेर! आणि हिशेबाचा प्रश्न तसाच राहिलेला.

साहेबाने असे केले असते तर आम्ही गेटसभा घेतली असती. १९६८ च्या शिस्त व अपील नियमांत आरोपपत्र, उत्तराची संधी आणि ४५ दिवसांत अपील आहे. प्रशासनाकडे मागतो तो न्याय आपल्या घरात नको काय?

दुसरी बाजूही पाहावी. आमच्याच लाईनवरील गोंदिया जिल्ह्यात एका ग्रुपवर महिला सभासदाविरुद्ध घाणेरडी भाषा वापरली गेली. त्या माणसास काढले नाही म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी तो रद्द केला. समान हेतू वा पूर्वनियोजन नसेल तर दुसऱ्याच्या मजकुराबद्दल ॲडमिन दोषी ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. कायद्यातून ॲडमिन सुटला, तरी युनियनचे कर्तव्य सुटत नाही. भगिनीचा अपमान होताना गप्प बसणे आम्हांस मान्य नाही.

म्हणून शाखेने ठरविले आहे: शिवीगाळीचा संदेश ॲडमिनने तात्काळ पुसावा; २०२२ पासून तशी सोय आहे. सभासदास काढण्याचा निर्णय मात्र कमिटीने, त्याचे म्हणणे ऐकूनच घ्यावा. किती दिवसांसाठी, तेही सांगावे. अपील सर्वसाधारण सभेकडे राहील. हिशेब विचारणे हा गुन्हा नव्हे.

कामावर जाताना ‘ड्यूटी’, झोपताना ‘विश्रांती’ एवढा एक शब्द ग्रुपवर टाकावा. बीटवर निघालेल्या पोस्टमन बंधूंनाही हे सोयीचे पडेल. अशा सभासदाचे मौन म्हणजे गैरहजेरी नव्हे. उत्तराची मुदत त्याची विश्रांती संपल्यावरच सुरू होईल.

त्या सभासदास आम्ही परत घेतले, सर्वांसमक्ष दिलगिरी व्यक्त केली आणि हिशेब फलकावर लावला. ज्या संघटनेत प्रश्न विचारता येतो, तीच संघटना प्रशासनाला जाब विचारू शकते.

कामगार एकजुटीचा विजय असो!