लाकूड वाळवा, हे सांगायला कुणी प्रायोजक मिळत नाही



आज भाताचं नाही, लाकडाचं लिहितो. पण शेवटी ते आपल्या खाचरापर्यंतच येतं, म्हणून वाचा.

आपली भिवंडी म्हणजे यंत्रमाग. मागाआधी सायझिंग. ताण्याच्या सुताला कांजी लावायची आणि वाफेवर तापलेल्या सिलिंडरवरून ते वाळवायचं. वाफ म्हटली की बॉयलर आला, आणि बरेच बॉयलर अजून लाकडावर चालतात. ते लाकूड आपल्याच बांधावरून, माळावरून, वखारीतून जातं. म्हणजे बॉयलरवाला आणि शेतकरी एकाच दोरीला बांधलेले आहेत.

मागे लाकूडवाल्या बॉयलरमालकांच्या एका मेळाव्याला गेलो होतो. लाकूड देणाऱ्यांनाही बोलावलं होतं. मोठा हॉल, जेवण झकास, हातात पिशवी, डोक्याला टोपी. स्टेजमागे फलक, त्यावर प्रायोजकांची नावं. पहिला बोलला तो बॉयलर विकणारा. दुसरा पांढरा कोळसा, म्हणजे ब्रिकेट विकणारा. तिसरा पाण्यात टाकायचं रसायन विकणारा. सगळे हुशार, सगळे गोड बोलणारे. चार तासांत "लाकूड वाळवून जाळा" हे एकदाही कुणी बोललं नाही.

का नाही बोलले? कारण वाळवणं विकता येत नाही. ऊन फुकट आहे.

आता हिशोब बघा. ताजं तोडलेलं लाकूड एक टन घेतलं तर त्यात निम्मं पाणीच असू शकतं. म्हणजे ५०० किलो लाकूड आणि ५०० किलो पाणी. पूर्ण कोरडं लाकूड किलोला साधारण ४,५०० किलोकॅलरी उष्णता देतं, म्हणजे त्या ५०० किलोचे झाले साडेबावीस लाख. त्यातले तीन लाखांच्या वर नुसतं ते पाणी तापवून वाफ करून धुराड्यातून बाहेर घालवायला जातात. सातवा हिस्सा गेला, आणि हा झाला नुसता कागदावरचा हिशोब. ओल्या लाकडानं भट्टी थंड पडते, लाकूड अर्धवट जळतं, नळ्यांवर काजळी धरते, त्याचं नुकसान वेगळं. गावावर जो काळा धूर येतो तो हाच. मालकाचे पैसे जळाले नाहीत, त्याचाच तो धूर.

तासाला एक टन वाफ देणाऱ्या बॉयलरला चांगलं वाळलेलं लाकूड तासाला अडीचशे किलोच्या आसपास लागतं. वीस तास चालला तर दिवसाला पाच टन. आता यात सातवा हिस्सा वाचला तर किती झाडं वाचली ते तुम्हीच मोजा. झाड वाढायला किती पावसाळे जातात ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

वाळवायचं कसं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. ओंडका फोडायचा, कारण साल न निघालेला जाडा ओंडका आतून वर्षभर ओलाच राहतो. जमिनीला टेकवायचा नाही, खाली दोन आडवे सोट टाकायचे. वरून झाकायचं, बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवायच्या. डिसेंबर-जानेवारीत फोडून रचलं तर मिरगाच्या आधी शेडखाली घेता येतं. दोन फोडी एकमेकींवर आपटा. ठण् वाजली तर वाळली, भद्द वाजली तर ओली. खात्री हवी तर एक फोड वजन करून घ्या, आठ दिवस उन्हात ठेवा, परत वजन करा. वजन उतरलं तेवढं पाणी होतं.

यात यंत्र नाही, रसायन नाही, कमिशन नाही. म्हणून याला स्टेज नाही. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे काही आजचं नाही.

दुसरी न बोललेली गोष्ट राखेची, आणि ही थेट आपल्या शेताची आहे. निव्वळ लाकडाची राख चांगली असते. तिच्यात चुना आणि पालाश असतं, आपल्या कोकणच्या आंबट जमिनीला ती मानवते. नत्र तिच्यात नसतं, ते जळून जातं. पावसात उघडी पडली तर पालाश धुऊन जातं. युरियात मिसळून टाकली तर युरियाचं नत्र हवेत उडतं. हे सगळं खरं, पण निव्वळ लाकडाची राख असेल तरच. भट्टीत रंगीत चिंध्या, प्लास्टिक, रबर गेलं असेल तर त्या राखेत शिसं, जस्त यांसारखे जड धातू येऊ शकतात. ते खाचरात एकदा गेले की आपल्या हयातीत निघत नाहीत. मी स्वतः एका ठिकाणची फुकट राख दोन ट्रॉली आणून टाकली. पसरताना त्यात वितळलेल्या बटणांचे आणि चेनचे तुकडे सापडले. कुठली ते लिहीत नाही. चूक माझीही आहे, फुकट म्हणून मी विचारलं नाही.

प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात इंधन कुठलं आणि किती ते लिहिलेलं असतं. त्यात लाकूड लिहिलं असेल तर लाकूडच जाळायचं. हेही मेळाव्यात कुणी वाचून दाखवलं नाही. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला कोण दुखावणार?

तिसरी गोष्ट आपल्या बाजूची, म्हणजे आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमात आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह, ऐन, किंजळ, साग ही झाडं आहेत. स्वतःच्या मालकीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वखारवाला म्हणतो "मी बघतो", आपण मान हलवतो. आणि ओलं लाकूड वजनाला भारी पडतं म्हणून आपणच तोडल्या दिवशी गाडी भरतो. मग तो वजनात घट धरतो आणि आपण ओरडतो.

कुणी म्हणेल, काका, प्रायोजक नसतील तर हॉलचं भाडं कोण देणार? बरोबर आहे. प्रायोजक म्हणजे चोर, असं मी म्हणत नाही. चांगला बॉयलर खरंच कमी लाकूड खातो, धूळ पकडणारं यंत्र खरंच लागतं. त्यांनी यावं, विकावं. पण पहिला तास ज्याला काही विकायचं नाही त्याला द्या. दहा वर्षं भट्टीपुढे उभा राहिलेल्या फायरमनला बोलू द्या. धुराड्याच्या वाऱ्याखाली ज्यांची घरं आहेत त्यातल्या एखाद्या बाईला बोलू द्या. आणि जेवण कुणाचं आहे ते जेवायच्या आधी सांगा. नाहीतर मालकांनी दोन-दोनशे रुपये काढून वडापाव खावा, पण सभा आपली ठेवावी.

आपल्या शेतकरी मेळाव्यांचं तरी वेगळं काय आहे? दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ टाकून भाताचं बी बुडवा, पोचट तरंगतं ते काढून टाका, हे सांगायला कुठली कंपनी मंडप घालते? मीठ घरात असतं ना. सहायक कृषी अधिकारी सांगतात, तेव्हा समोर दहा माणसं असतात. टोपी वाटली की दोनशे.

लाकूड देणाऱ्यांनी एवढंच करा. फोडून, वाळवून द्या आणि सुक्या वजनाचा भाव मागा. बॉयलरवाल्यांनी ओलावा बघून भाव द्या. राख घेताना आधी विचारा, भट्टीत काय जातं. उत्तर नीट आलं नाही तर ट्रॉली रिकामी परत आणा.

ही पोस्ट कुणी प्रायोजित केलेली नाही. चहासुद्धा घरचाच आहे. पटलं तर पुढे पाठवा, नाही पटलं तर खाली भांडा.